झेडपीची शाळा, मास्तर आणि पालक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते पाचवी, दोन शिक्षक, यंदाचा पट ४१. उन्हाळ्यात पटनोंदणीसाठी आम्ही दोघं घरोघर फिरतो. तेव्हा ओट्यावर बसवून, चहा पुढे करत लोक जे विचारतात ते खाली लिहिलंय. काही प्रश्न शहरातल्या मैत्रिणींचे आणि नातेवाइकांचे आहेत. उत्तरं माझी आहेत. जिथं कायदा आहे, तिथं तसं सांगितलंय.

मुलाला झेडपीत घालावं की तालुक्याच्या इंग्लिश स्कूलला?

हे विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांचं आधीच ठरलेलं असतं. पिवळी गाडी दारात येते, टाय-बूट असतात, लेकरू ‘गुड मॉर्निंग’ म्हणतं आणि आजी गल्लीभर सांगत सुटते. मी याला नावं ठेवत नाही. इंग्रजी येत नाही म्हणून बँकेत, दवाखान्यात मान खाली घालावी लागलेला बापच पोटाला चिमटा काढून ही फी भरतो.

पण एक गोष्ट सांगते. तिसरीतला एक मुलगा इंग्रजी शाळेतून आमच्याकडे परत आला. वही बघावी तर मोत्यासारखं अक्षर. ‘पार्ट्स ऑफ अ प्लांट’चं उत्तर पूर्ण, खाली लाल शाईत ‘व्हेरी गुड’. मी ‘रूट’ या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय? तो आईकडं बघायला लागला. मग विचारलं, मूळ म्हणजे काय रे? तर उठला, वर्गामागं गेला, गाजरगवताचं रोप मातीसकट उपटून घेऊन आला आणि माझ्या टेबलावर ठेवलं. त्याला सगळं येत होतं. ज्या भाषेत येत होतं, ती भाषा तेवढी शाळेत नव्हती.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं असं म्हटलंय. आपल्याकडं सेमी इंग्रजी हा मधला मार्ग आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. जिथं शिकवणारा पक्का आहे तिथं तो चांगला चालतो. जिथं नाही, तिथं गणिताचाही घोळ आणि इंग्रजीचाही.

तेव्हा शाळा निवडताना रंगरंगोटी बघू नका. जुलैच्या मध्यावर दोन्ही शाळांत एकेक तास जाऊन बसा. तिथल्या चौथीच्या मुलाला त्यानं न पाहिलेलं एक पान वाचायला द्या आणि ‘यात काय झालं, सांग’ म्हणा. ज्या शाळेतलं पोरगं सांगेल, ती शाळा. ती आमची नसली तरी माझी तक्रार नाही.

पहिलीला वय किती लागतं? जन्मदाखला नसेल तर?

पहिलीसाठी ६ वर्षं पूर्ण हवीत, आपल्या राज्यात ३१ डिसेंबर ही तारीख धरतात. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात हे दोन्ही स्पष्ट लिहिलंय. दाखल्यावाचून लेकराला परत पाठवणारी शाळा भेटली तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

लेकरू चौथीत गेलं, तरी वाचता येत नाही. चूक कोणाची?

पालक म्हणतात शाळेची. शाळा म्हणते पालकांची. हायस्कूलचे सर म्हणतात प्राथमिकची, आणि आम्ही मनातल्या मनात अंगणवाडीकडं बोट दाखवतो.

आधी हे बघा, की वाचता येत नाही म्हणजे नेमकं काय येत नाही. माझ्याकडं एक मुलगी कविता घडाघडा वाचायची, बोटही ओळीवरून फिरवायची. एके दिवशी मी पानावरचं चित्र हातानं झाकलं. ती थांबली. बोट तिसऱ्या ओळीवर होतं आणि तोंडात पाचवी ओळ. तिला पुस्तक पाठ होतं, अक्षरं ओळखीची नव्हती. दुसरीतली कितीतरी मुलं अशी चित्रावर तरून जातात. चौथीत चित्रं कमी होतात, मजकूर वाढतो, जोडाक्षरं येतात आणि पितळ उघडं पडतं.

लोक म्हणतात, नापास करत नाहीत म्हणून हे झालं. त्यात तथ्य आहे, पण थोडंच. शिक्षण हक्क कायदा आला तेव्हा आठवीपर्यंत मुलाला एका वर्गात मागं ठेवायचं नाही असं ठरलं, आणि त्याची जोडी होती सातत्यपूर्ण मूल्यमापनाची. म्हणजे पोरगं कुठं अडलं ते तिथल्या तिथं पकडायचं. पकडायला माणूस आणि वेळ लागतो. तो मिळाला नाही, नोंदी मात्र चोख भरल्या गेल्या. २०१९ला कायदा बदलला आणि आपल्या राज्यानंही आता पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा, मग पुन्हा एक संधी आणि तरीही जमलं नाही तर त्याच वर्गात, असं ठरवलंय. माझं मत विचाराल तर दुसरीत अडलेल्या मुलाला पाचवीत नापास करणं म्हणजे गाडी गेल्यावर स्टँडवर पोचणं. केंद्राच्या निपुण भारत कार्यक्रमात तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आणि साधं गणित करता यावं, असं २०२६-२७चं लक्ष्य ठेवलंय. लक्ष्य बरोबर जागी आहे. ते गाठायला कोण आहे, ते पुढच्या प्रश्नात.

घरी काय करावं? आईबापाला वाचता येत नसलं तरी चालतं. रोज दहा मिनिटं लेकराला मोठ्यानं वाचायला लावा, पुस्तकच हवं असं नाही. बियाण्याची पिशवी, एसटीची पाटी, लग्नाची पत्रिका, किराण्याची यादी, काहीही. तुम्ही फक्त विचारायचं, ‘मग पुढं काय लिहिलंय?’ ऐकणारं माणूस समोर बसलंय, एवढ्यानंही पोरं वाचतात.

शिक्षक वर्गात कमी आणि मोबाईलवर जास्त का दिसतात?

हा प्रश्न गावात सगळ्यात जास्त विचारला जातो, बहुतेक वेळा माझ्या पाठीमागं. म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

मागच्या पावसाळ्यातला एक सोमवार घ्या. साडेनऊला शाळा उघडली. परिपाठ झाला. खिचडीचा तांदूळ मोजून दिला, पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम, हजर मुलं गुणिले शंभर. मदतनीस ताईंनी डाळीचं पोतं संपत आल्याचं सांगितलं. हजेरी घेतली, मग किती मुलं जेवणार ते अॅपवर टाकायचं. आमच्याकडं रेंज शाळेत नसते, पाण्याच्या टाकीच्या पायरीवर असते. मी पायरीवर उभी, नेमकं तेव्हाच एक आजोबा शेळ्या घेऊन गेले. त्यांनी दिवसभर गावात काय सांगितलं असेल ते तुम्हाला ठाऊकच आहे.

अकराला ग्रुपवर निरोप आला : ‘अतितातडीचे. सोबतच्या लिंकमध्ये माहिती आज १२ पर्यंत भरावी.’ तीच माहिती गेल्या महिन्यात वेगळ्या तक्त्यात दिली होती. माझे जोडीदार सर त्या दिवशी बैठकीला तालुक्याला. म्हणजे पाच वर्ग आणि मी एकटी. पहिलीला फळ्यावर ‘म’ आणि ‘न’चे शब्द दिले, चौथी-पाचवीला उदाहरणं, आणि तिसरीतल्या एका हुशार पोरीला दुसरीचं वाचन घ्यायला बसवलं. मग पुन्हा टाकीची पायरी.

दुपारी एका मुलाच्या आधारचा गोंधळ. आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं, शाळेच्या रजिस्टरला वेगळं. आधार जुळलं नाही तर ते मूल संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या हिशेबात, मोजलं जात नाही, आणि मोजलं गेलं नाही तर शिक्षकाचं पद जाऊ शकतं. पोरगं समोर बाकावर बसून शेंगदाणे खातंय आणि कागदावर ते नाही. हे वर्षाला एकदा घडलं तर हसू येतं. यू-डायस (शाळांची ऑनलाइन माहिती), अपार आयडी (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक), बँक खाती, शिष्यवृत्तीचे अर्ज असं मिळून ते महिन्याला घडतं.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७मध्ये शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच बिगरशैक्षणिक कामं देता येतात. पण निवडणूक म्हणजे एका दिवसाचं मतदान नसतं. मतदारयादीचं काम वर्षभर पाझरत राहतं. आणि बाकीचं बरंच काम ‘शैक्षणिक’ नावाखाली येतं. लिंक भरणं शैक्षणिक की बिगरशैक्षणिक, यावर शिक्षक संघटना आणि सरकार यांच्यात वर्षानुवर्षं वाद चाललाय.

त्याच कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन हवं, असंही आहे. ८०० तासांचा हिशेब कुणी मागत नाही. बारा वाजेपर्यंतच्या लिंकचा मात्र तीनदा मागतात.

आता हेही कबूल करते, मोबाईलवर रील बघणारे शिक्षकही आहेत. तुम्हाला फरक कसा कळेल? मुलांच्या वह्या बघा. वही तपासलेली असेल, चूक जिथं आहे तिथं खूण असेल, नुसती पानाच्या तळाशी सही नसेल, तर तो माणूस टाकीच्या पायरीवर कामालाच गेला होता.

पाच वर्गांना दोनच शिक्षक, हे नियमात बसतं का?

बसतं. प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९०ला तीन, ९१ ते १२०ला चार. हिशेब मुलांच्या डोक्यांचा आहे, वर्गांचा नाही. त्यामुळं ४१ मुलं पाच इयत्तांत विखुरलेली असली तरी शिक्षक दोनच. कागदावर हे प्रमाण छानच दिसतं, एका शिक्षकामागं वीस-एकवीस मुलं. प्रत्यक्षात एका खोलीत तीन इयत्ता बसतात. एकीला शिकवताना दोघी ऐकत असतात किंवा खिडकीबाहेर बघत असतात. याचा एक फायदाही होतो, पहिलीची पोरं दुसरीचे पाढे आपोआप म्हणायला लागतात. पण हा फायदा सांगून मी नियमाची तरफदारी करते आहे, असं कुणी समजू नये.

शाळेचा पट वीसच्या खाली गेला, तर शाळा बंद होते का?

आजच्या आज कुलूप लागत नाही. पण धाकधूक खरी आहे. २०२३मध्ये राज्यात २०पेक्षा कमी पटाच्या जवळपास १५ हजार शाळा होत्या. त्याच वर्षी सरकारनं अशा शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार मांडला. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही त्याची उदाहरणं म्हणून दाखवली गेली. मोठ्या शाळेत प्रत्येक वर्गाला शिक्षक, खेळाचं मैदान, प्रयोगशाळा मिळते हे खोटं नाही.

पण आमच्या वस्तीवरून थोरल्या गावाला जायला ओढा लागतो. कायदा म्हणतो, पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत हवी. शाळा लांब गेली की पहिल्यांदा मुलीचं नाव कमी होतं. ते ‘शाळाबाह्य’ म्हणूनही नोंदवलं जात नाही, ‘मामाच्या गावी गेली’ असं सांगितलं जातं. मला विचाराल तर समूह शाळेआधी गाडी दाखवा. दोन वर्षं ती पावसाळ्यातही रोज येते हे दिसू द्या, मग शाळेचं बघू.

ऊसतोडीला जायचंय. लेकरांचं काय करावं?

हा आमच्या भागातला खरा प्रश्न. शहरातल्या मैत्रिणींना तो माहीतच नसतो, म्हणून थोडं मागून सांगते.

दसरा झाला की मुकादम, म्हणजे तोडणीला मजूर नेणारा, फेऱ्या मारायला लागतो. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, त्यामुळं आई घरी थांबली तर अर्धा कोयताच राहतो आणि उचल फिटत नाही. दिवाळीच्या आगेमागे ट्रक-ट्रॅक्टर भरतात. पातेली, गोधड्या, कोंबड्या, शेळी आणि त्यांच्यात लेकरं. मग पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटक. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परत येतात, साधारण गुढीपाडव्याच्या आसपास. म्हणजे दुसरं सत्र जवळपास सगळं गेलं.

एका वर्षी दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा ४४पैकी १९ मुलं समोर होती. एका बाकावर पेन्सिलचा तुकडा तसाच पडलेला. तो ज्याचा, ते पोरगं कोल्हापूरकडं कुठल्यातरी फडात.

तुम्हाला तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे हंगामी वसतिगृह. लेकरू गावातच आजी-आजोबांकडं राहतं आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळा व्यवस्थापन समितीमार्फत मिळतं. त्याचा प्रस्ताव वेळेत जावा लागतो, म्हणून गणपतीतच आम्हाला सांगा, कोण जाणार आणि कोण थांबणार. ट्रकमध्ये चढताना सांगितलं तर आमच्या हातात काही राहत नाही. दुसरी वाट, बरोबर न्यायचंच असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेऊन जा. त्यावर मूल कितवीत आहे, काय येतं ते असतं. कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवा, तिथं बसवून घेणं त्यांना बंधनकारक आहे. तिसरी, लेकरू शाळेत गेलंच नाही तर परत आल्यावर लाजून घरी ठेवू नका. कायद्यात वयानुसार वर्गात बसवण्याची आणि राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे.

थोरल्या मुलीला धाकट्याला सांभाळायला म्हणून नेता, हे मला ठाऊक आहे. कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, दिवसभर स्वयंपाक आणि लहान भाऊ, हेच तिचं दुसरं सत्र. दोन-तीन वर्षं असं झालं की ती सातवीत शाळा सोडते आणि पुढचं आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आजी घरात असेल तर आधी तिला ठेवा. मुलाला ठेवून मुलीला नेणारी घरं मी दरसाल मोजते.

आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्क्यांमधून इंग्रजी शाळेत नंबर लागेल का?

खासगी विनाअनुदानित शाळांतल्या सुरुवातीच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित गटांतल्या मुलांसाठी असतात. अर्ज ऑनलाइन, निवड सोडतीनं. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्यानं नियम बदलला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट, असा तो बदल होता. मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो रद्द केला. त्यामुळं जागा शाबूत आहेत.

पालक एक विचारत नाहीत, मी विचारायला सांगते : आठवीनंतर काय? मोफत शिक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीला त्याच शाळेची पूर्ण फी भरायची वेळ येते, आणि तोवर लेकराची भाषा, मित्र, सवयी सगळं तिथलंच झालेलं असतं. ती फी झेपणार का, याचा विचार पहिलीलाच करून ठेवा.

खासगी शाळेनं फी मनाला येईल तशी वाढवली. दाद कुठं मागायची?

२०११चा फी विनियमन कायदा आहे. फी शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीपुढं यावी लागते आणि ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं टिकावी लागते. समितीवर पालक सोडतीनं निवडले जातात. पण बहुतेक पालकांना ती सोडत कधी झाली हेच कळत नाही, तेव्हा पहिला अर्ज त्याच्या इतिवृत्तासाठी करा. मुंबईतल्या माझ्या बहिणीनं तो केला. इतिवृत्त यायला चार महिने लागले आणि त्यावर सही तिच्याच वर्गातल्या एका आईची होती, जिला आपण समितीवर आहोत हे माहीत नव्हतं.

‘बाई, ऐकत नसेल तर दोन ठेवून द्या.’ असं मीच सांगते. मग अडचण काय?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. तुमची परवानगी असली तरी. मी नोकरीला लागले तेव्हा प्रत्येक टेबलावर छडी असायची, आणि मीही ती वापरली आहे. ज्याला मारलं तो शांत बसायचा, शिकायचा मात्र नाही. शांत बसलेलं पोरगं वर्गात सोयीचं असतं, एवढंच.

शिक्षकांचीही एक तक्रार असते, ती ऐकून घ्या. तीस मुलांच्या वर्गात एक मूल सतत उठून पळतं, चावतं, आणि आम्हाला त्याबद्दल नीट प्रशिक्षण नाही. छडी काढून घेतली, तिच्या जागी काही दिलं नाही. अशा मुलाच्या घरी मी एकदा संध्याकाळी जाऊन बसले होते. बाप रोज पिऊन येतो हे तिथं कळलं. दुसऱ्या दिवसापासून मी त्याला फळा पुसायचं आणि घंटा द्यायचं काम दिलं. चमत्कार वगैरे काही झाला नाही, पण चावणं थांबलं.

शिकवणी लावावी का?

प्राथमिकला नको. शिक्षकांनी खासगी शिकवणी घ्यायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८नं बंदी आहे, त्यामुळं वर्गातलेच सर संध्याकाळी फी घेऊन शिकवत असतील तर ते बेकायदेशीर आहे. मोठ्या मुलांच्या क्लासबद्दल केंद्रानं जानेवारी २०२४मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, १६ वर्षांखालच्या मुलांना कोचिंगला घेऊ नये अशा. आणि तरीही आमच्या तालुक्याच्या चौकात सहावीपासून नीट-जेईई ‘फाउंडेशन’चे फलक आहेत. लातूरला खोली करून राहिलेल्या पोरांचे पालक घरी सांगताना फक्त मार्क सांगतात. पोरगं जेवतं का, झोपतं का, हे विचारलं की गप्प होतात.

कधी हिंदी सक्ती, कधी सीबीएसई पॅटर्न. नक्की चाललंय काय?

आम्हालाही तुमच्याइतकंच पेपरात वाचून कळतं. २०२३-२४ला पुस्तकांत वहीची कोरी पानं आली, जानेवारी २०२५मध्ये ती बंद झाली. गणवेशाचं कापड राज्यातून एकत्र घ्यायचं ठरलं, मग पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडं आलं. १६ एप्रिल २०२५ला पहिलीपासून हिंदीचा निर्णय निघाला, जूनमध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागं घेऊन समिती नेमली.

हिंदीला माझा विरोध नाही, पोरं टीव्हीवरून ती शिकतातच. पण ज्या वर्गात मराठीची जोडाक्षरं अजून बसली नाहीत, तिथं तिसरी भाषा कुणी, कोणत्या तासाला शिकवायची, हे तो निर्णय लिहिणाऱ्यानं आमच्या खोलीत तीन इयत्तांसमोर उभं राहून एकदा दाखवावं. सीबीएसई पॅटर्नचं म्हणाल तर झेडपीची शाळा सीबीएसईला जोडली जात नाही. अभ्यासक्रम राष्ट्रीय आराखड्याशी जुळवून टप्प्याटप्प्यानं बदलतोय, पुस्तकं बालभारतीचीच.

मॅडम, आता तुम्हालाच परीक्षा आहे म्हणे?

हो, आणि हे विचारताना माझ्या वर्गातली पोरं फार खूश असतात.

मी २००८ला शिक्षणसेवक म्हणून लागले, मानधन महिना ३,००० रुपये. तेव्हा टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) नव्हतीच, आपल्या राज्यात ती २०१३ला सुरू झाली. १ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की ज्यांच्या निवृत्तीला ५ वर्षांहून जास्त काळ आहे, त्या सेवेतल्या शिक्षकांनीही २ वर्षांत टीईटी पास व्हावी, नाहीतर नोकरी सोडावी लागेल. ५ वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांना मुभा आहे, पण पदोन्नती हवी तर त्यांनाही ती लागणार.

माझं दोन्हीकडचं मन आहे. सतरा वर्षं शिकवल्यावर पात्रता सिद्ध करा म्हटलं की पोटात खड्डा पडतो. दुसरीकडं, परीक्षेला काय भ्यायचं हे मी रोज पोरांना सांगत असते. सध्या रात्री स्वयंपाक आटोपला की बालमानसशास्त्राचं पुस्तक उघडते. माझी लेक दहावीला आहे. एकाच टेबलावर दोघी बसतो आणि ती माझा मोबाईल काढून घेते.

शाळेत लेकरू सुरक्षित आहे का, हे कसं ओळखावं?

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याची घटना उघड झाली, त्यानंतर हा प्रश्न वाढला. प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी असायला हवी. पेटी कोण उघडतं, किती दिवसांनी उघडतं, हे विचारा. पॉक्सो कायद्यानं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) अशी घटना कळल्यावर पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांनाही. ‘शाळेचं नाव खराब होईल, आपसात मिटवू’ असं म्हणणारा स्वतः गुन्हा करतो. मदतीचा क्रमांक १०९८, तो लेकरालाही पाठ करून द्या. आणि लेकरू अचानक शाळेत जायला नको म्हणायला लागलं, तर रागावण्याआधी जवळ बसून विचारा.

शाळेच्या कारभारात पालकांना खरंच काही बोलता येतं का?

येतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असाव्या लागतात आणि अध्यक्ष पालकांतूनच होतो. शाळेला आलेला निधी कुठं गेला हे विचारायचा अधिकार या समितीला आहे.

व्यवहारात काय होतं? अध्यक्षपदासाठी गावातली पार्टी-पार्टी सुरू होते, आणि महिला सदस्यांच्या सह्या घरी रजिस्टर नेऊन घेतल्या जातात. आमच्याकडंही असंच चालायचं. एका वर्षी आम्ही बैठक संध्याकाळी सातला, शेतातून बाया परत आल्यावर ठेवली. अकरा जणी आल्या. पहिलाच प्रश्न मुलींच्या मुतारीला कडी का नाही, हा होता. सहा वर्षं मी त्या शाळेत होते, कडीचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आठ दिवसांत कडी बसली, ७० रुपयांची.

शाळेत भेटायला कधी यावं?

सकाळी नको, तेव्हा तांदूळ मोजत असते. खिचडीच्या सुट्टीत या. चव नोंदवहीत पालकाची सही लागतेच, त्यामुळं बसून ताटभर खा, मग सही करा. मीठ कमी असेल तर तसं लिहा, ‘उत्तम’ लिहू नका. वहीची गेली तीन पानं ‘उत्तम’नंच भरली आहेत आणि त्यातला एक दिवस डाळ करपली होती, ते मला आठवतंय.